आफ्रिकेतली तान्ही बाळं कशाने दगावतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची माहिती सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेची आणि मुख्यतः जन्मापासून पहिल्या वाढदिवसापर्यंतच्या बाळांची आहे. औषधांची मात्रा जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांप्रमाणे दिली आहे. ती समजून घेण्यासाठी आहे, घरी डॉक्टरकी करण्यासाठी नाही. जलसंजीवनी तेवढी अपवाद.

मुख्य कारण कोणतं, एका वाक्यात सांगता येईल का?

नाही. आधी उलट विचारावं लागतं: बाळ किती दिवसांचं होतं? पहिल्या चोवीस तासांत गेलेलं बाळ बहुतेकदा जन्मताना गुदमरलेलं असतं, नाहीतर दिवस भरायच्या आत आलेलं. आठवड्या-दोन आठवड्यांनी गेलं असेल तर जंतुदोषाचा संशय पहिला. दोन-चार महिन्यांच्या बाळाला न्यूमोनिया आणि जुलाब गाठतात, आईला एचआयव्ही असेल आणि उपचार झाले नसतील तर तोही याच सुमारास. सहा महिने उलटले की मलेरिया पुढे येतो. तेव्हाच वरचं अन्न सुरू होत असल्याने कुपोषणही डोकं वर काढतं. गोवर त्याच्या मागून येतो.

२०२२ साली जगात पाच वर्षांखालची सुमारे ४९ लाख मुलं गेली, त्यांतली २३ लाख पहिल्या २८ दिवसांत. जगातले जेमतेम ३० टक्के जन्म सहाराच्या दक्षिणेला होतात, पण या ४९ लाखांपैकी ५७ टक्के मृत्यू तिथले होते.

आम्हाला वाटायचं दुष्काळ आणि इबोला...

बातम्या त्यांच्याच येतात. २०१४ ते २०१६ च्या पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत सर्व वयांची मिळून ११ हजारांहून थोडी जास्त माणसं गेली. मलेरियाने एकट्या २०२३ मध्ये जगात सुमारे ५ लाख ९७ हजार गेली. त्यांतली ९५ टक्के आफ्रिकेतली, आणि आफ्रिकेतल्या त्या मृतांत साधारण चारांतली तीन पाच वर्षांखालची मुलं. दुष्काळ आणि युद्ध मारतात हे खरं, पण बाळांना मारताना तेही जुलाब, गोवर, न्यूमोनिया याच वाटेने येतात.

सगळीकडे सारखीच परिस्थिती आहे का?

मुळीच नाही. नायजर आणि नायजेरियात हजार जन्मांमागे शंभरहून जास्त मुलं पाचवा वाढदिवस पाहत नाहीत. मॉरिशस आणि सेशेल्स ही बेटं त्याच खंडात मोजली जातात आणि तिथला आकडा याच्या कितीतरी खाली आहे. रवांडा, मलावी, इथिओपिया हे देश गरीब असूनही त्यांनी बालमृत्यू झपाट्याने खाली आणले. त्यामुळे ‘आफ्रिकेत असं असतं’ या वाक्यापुढे कुठल्या देशात आणि कुठल्या जिल्ह्यात, एवढं तरी विचारावं.

बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर नेमकं काय व्हायला हवं, आणि काय चुकतं?

हातात एक मिनिट असतं. बाळ कोरडं पुसायचं, ओलं फडकं बाजूला टाकून कोरड्यात घ्यायचं, पाठीवर चोळायचं. बहुतेक बाळं एवढ्यावर श्वास घेतात. नाही घेतला तर मिनिटाच्या आत पिशवी-मास्कने श्वास द्यायला लागायचं, मिनिटाला साधारण ४०. बहुतेकांना साधी हवा पुरते, ऑक्सिजनच्या सिलिंडरची वाट पाहत बसायचं कारण नाही.

चुका ठरलेल्या आहेत. मास्क मोठा असतो, तो डोळ्यांवर चढतो आणि कडेने हवा निसटते. मान फार मागे किंवा पुढे झुकलेली असते, मग श्वासनळीच बंद होते. छाती वर येते का हे कुणी बघत नाही, नुसती पिशवी दाबत राहतात. पिशवी कपाटात कुलूपबंद असते आणि किल्ली दिवसपाळीच्या नर्सकडे, हेही ठरलेलंच. बाळाला उलटं धरून चापट्या मारणं किंवा गार पाणी शिंपडणं यात ते मिनिट निघून जातं. टांझानियातल्या आठ रुग्णालयांत दाया आणि नर्सना ही साधी पद्धत शिकवल्यावर पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. यंत्रसामग्री फारशी बदलली नव्हती.

नाळेला काय लावावं?

दवाखान्यात स्वच्छ बाळंतपण झालं असेल तर काहीच नाही, कोरडी ठेवायची. नाळेला शेणासारखे अपायकारक पदार्थ लावण्याची पद्धत आहे, फक्त अशा भागात ७.१ टक्क्यांचं क्लोरहेक्झिडिन डायग्लुकोनेट हे जंतुनाशक पहिला आठवडा रोज एकदा. शेण, राख, शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी लावण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. शेणातून धनुर्वाताचे जंतू थेट ओल्या नाळेत जातात. तीन-चार दिवस छान पिणारं बाळ अचानक तोंड उघडेनासं होतं, नंतर कुणी हात लावला तरी ताठ होतं. आईला गरोदरपणात धनुर्वाताची लस मिळालेली असेल तर हे टळतं, कारण आईची प्रतिकारद्रव्यं बाळात उतरतात.

क्लोरहेक्झिडिनची एक वेगळीच अडचण आहे. काही देशांत त्याची बाटली डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीसारखी दिसली, आणि लोकांनी ते बाळाच्या डोळ्यांत घातलं. डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. औषध योग्य आणि बाटली चुकीची, म्हणून झालेलं नुकसान.

कमी वजनाच्या बाळाला इन्क्युबेटर नसेल तर?

आईची छाती. बाळाला लंगोट आणि टोपी एवढंच घालून उघड्या छातीवर उभं बांधायचं, दिवसाचे ८ ते २४ तास. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत इथल्या पाच रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच ही पद्धत सुरू केली, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी बाळंतिणीची खाट नवजात कक्षातच असावी लागते. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं: बाळ एका इमारतीत आणि आई दुसऱ्या.

गडचिरोलीच्या कामाचा याच्याशी संबंध आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी आणि जंतुदोषावरची औषधं शिकवली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बाळाच्या घरी भेट देण्याची संयुक्त शिफारस केली, त्यामागच्या पुराव्यात हे काम होतं. घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी भेट द्यायची, जमल्यास सातव्या दिवशीही.

भेटीत बघायचं ते असं: पिणं सोडलंय का, झटके येतात का, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास आहेत का, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का, अंग ३७.५ अंशांच्या वर किंवा ३५.५ च्या खाली आहे का, डिवचल्याशिवाय हलत नाही असं आहे का. यातलं एक जरी असेल तर थांबायचं नाही. तान्ह्या बाळाला जंतुदोष झाला की ताप यायलाच हवा असं नसतं. कित्येकदा अंग गार पडतं आणि घरचे ‘शांत झोपलंय’ म्हणतात.

कावीळ आणि डांबराच्या गोळ्या, हे काय प्रकरण आहे?

जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या आहे तिथे जी-६-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेली माणसं बरीच सापडतात, कारण मलेरियापासून थोडं संरक्षण मिळत असल्याने तो दोष टिकून राहिला. अशा बाळाला डांबराच्या गोळ्यांमधल्या नॅफ्थलीनचा संपर्क आला की तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि कावीळ मेंदूपर्यंत चढते. नायजेरियात मोठ्या भावंडाचे कपडे डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवतात, आणि नवं बाळ आलं की काढून तसेच चढवतात. आपल्याकडची कपाटं आठवून बघा. कपडे आधी धुऊन उन्हात वाळवायला हवेत. बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या न ठेवणं उत्तम.

सावळ्या कातडीवर कावीळ लवकर दिसत नाही. हिरड्या, तळपाय आणि डोळ्यांचं पांढरं बघावं. वीज नसेल तिथे कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याला पर्याय म्हणून नायजेरियात घातक किरण अडवणाऱ्या पारदर्शक पडद्याखाली उन्हात बाळं ठेवून पाहिली, आणि तो उपाय लागू पडला. उघड्या उन्हात ठेवणं वेगळं, त्याने बाळ भाजतं किंवा गारठतं.

न्यूमोनिया घरच्यांना कसा ओळखता येतो?

श्वास मोजून. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा उडतं ते मोजायचं. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. आकडा तेवढा किंवा जास्त भरला तर न्यूमोनिया समजून चालायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली की चूक होते, कारण तान्ह्यांचा श्वास मधेच थबकतो. दोन महिने ते वर्षाच्या बाळाला छाती आत ओढली जात नसेल तर पाण्यात विरघळणारी २५० मिलिग्रॅमची ॲमॉक्सिसिलिनची एक गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस. औषध स्वस्तातलं आहे. खोळंबा होतो तो ‘साधा खोकला आहे’ म्हणून गेलेल्या दोन दिवसांत, नाहीतर केंद्रातल्या गोळ्या संपल्याने. चुलीचा धूर असलेल्या खोलीत पाठुंगळीला बांधलेलं बाळ आईएवढाच धूर ओढतं, हेही लक्षात घ्यावं.

जुलाबांवर उपाय माहीत असूनही बाळं का जातात?

जलसंजीवनीच्या एका लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. हे प्रमाण २००२ पासूनचं. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचं.

घोटाळा मापात होतो. घरात लिटरचं भांडं नसतं. शीतपेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं की मीठ तिपटीहून जास्त होतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. उलट पाणी जास्त झालं तर उपयोगच होत नाही. दुसरी गोष्ट झिंकची: सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यावर २०, दहा ते चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की गोळ्या बंद होतात, आणि पुढचा जुलाब लवकर येतो. तिसरी गोष्ट, जुलाब होतात म्हणून बाळाला उपाशी ठेवणं. हा समज आपल्याकडेही चांगलाच रुजलेला आहे.

केनिया, माली, मोझांबिक, गांबिया आणि दक्षिण आशियात मिळून सात ठिकाणी झालेल्या मोठ्या अभ्यासात तान्ह्यांच्या गंभीर जुलाबांमागे रोटाव्हायरस सगळ्यांत पुढे निघाला, आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्याच्या मागे. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही, पाणी उकळावंच लागतं.

आईला एचआयव्ही असेल तर अंगावर पाजू नये, बरोबर ना?

हेच उत्तर पूर्वी दिलं जायचं, आणि त्याची किंमत बोत्स्वानात मोजावी लागली. तिथे एचआयव्ही असलेल्या आयांना सरकार डब्याचं दूध फुकट देत होतं. २००५ च्या अखेरीस आणि २००६ च्या सुरुवातीला जोराचा पाऊस झाला, पाणी दूषित झालं, जुलाबांची साथ आली आणि ५०० हून जास्त लहान मुलं गेली. आजारी पडलेल्यांत अंगावर न पिणारी बाळंच प्रामुख्याने होती. डब्यातल्या दुधात दोष नव्हता. ते कालवायचं पाणी गढूळ होतं, आणि आईच्या दुधातून मिळणारं संरक्षण बाळाला नव्हतं. विषाणू टाळताना जुलाबांचं दार उघडलं गेलं.

आताचा नियम असा की आईने एचआयव्हीची औषधं रोज घ्यायची आणि किमान वर्षभर पाजायचं, पहिले सहा महिने फक्त अंगावरचं. काहीच उपाय न केल्यास १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होते, औषधांनी ती ५ टक्क्यांखाली येते. बाळाला सहा आठवडे नेव्हिरॅपिन या एचआयव्हीच्या औषधाचं सिरप. तपासणी चार ते सहा आठवड्यांनी, टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर पीसीआर. नेहमीची प्रतिकारद्रव्यांची चाचणी दीड वर्षापर्यंत निरुपयोगी, कारण ती आईचीच प्रतिकारद्रव्यं दाखवते. उपचार न झालेल्या लागण झालेल्या बाळांपैकी निम्मी दुसऱ्या वाढदिवसाच्या आत जातात, म्हणून अहवाल वेळेवर आईच्या हातात पडणं हाच खरा उपचार असतो. नमुना शहरात जातो, अहवाल परत येईपर्यंत आई माहेरी गेलेली असते.

मलेरिया पहिल्या महिन्यांत कमी का?

आईकडून आलेली प्रतिकारद्रव्यं आणि गर्भातलं हिमोग्लोबिन, ही दोन कवचं साधारण सहा महिने पुरतात. मग ती ओसरतात आणि फॅल्सिपेरम या सर्वांत घातक प्रकारच्या मलेरियाच्या एकामागून एक फेऱ्यांनी रक्त उतरतं. या वयात मेंदूच्या मलेरियापेक्षा रक्तक्षयाने जाणारी बाळं जास्त. तळहात कागदासारखे पांढरे, धाप, आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्ताची पिशवी नाही.

गरोदरपणात वारेत मलेरिया शिरला की बाळ कमी वजनाचं जन्मतं. ते नंतर दुसऱ्याच कशाने गेलं, तर मलेरियाच्या खात्यात मोजलं जात नाही. म्हणून चौथ्या महिन्यापासून महिन्याच्या अंतराने सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन या मलेरियाच्या औषधाचे किमान तीन डोस आणि औषध लावलेली मच्छरदाणी. सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यात पावसाळ्याच्या महिन्यांत तीन महिन्यांपुढच्या मुलांना दर महिन्याला प्रतिबंधक गोळ्या देतात. दवाखाना दूर असेल तर गुदद्वारातून आर्टेसुनेट या मलेरियाच्या औषधाची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल देऊन पुढे पाठवतात. ती दिल्यावर बाळ थोडं टवटवीत दिसू लागतं, घरचे माघारी फिरतात आणि मलेरिया उलटतो. ती कॅप्सूल फक्त दवाखाना गाठेपर्यंतची सोय आहे.

पुण्याची लस कुठे वापरतात?

‘आर२१’ ही मलेरियाची लस ऑक्सफर्ड विद्यापीठाची, बनवते पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली, आणि जुलै २०२४ मध्ये कोत दिव्वारने (आयव्हरी कोस्ट) नियमित लसीकरणात ती सुरू केली. पाचव्या महिन्यापासून महिन्याच्या अंतराने तीन डोस आणि सुमारे वर्षाने चौथा. चौथा चुकतो, कारण त्या वयात दुसऱ्या लसी फारशा नसतात आणि केंद्रात जायचं लक्षात राहत नाही. लस आली म्हणून मच्छरदाणी गुंडाळून ठेवायची नाही.

त्याआधी, डिसेंबर २०१० पासून, मेंदूज्वराची मेनआफ्रिव्हॅक ही लसही पुण्यातूनच बुर्किना फासोत पोचली. किंमत डोसला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. ‘अ’ गटाचा मेंदूज्वर त्या पट्ट्यातून जवळपास नाहीसा झाला.

एकाच घरात लागोपाठ बाळं जातात, त्याचं काय?

सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचा विचार आधी करावा. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता. गर्भातल्या हिमोग्लोबिनमुळे चार-सहा महिने बाळ ठणठणीत दिसतं, मग हातापायांचे पंजे सुजून बाळ कळवळतं. त्यानंतर कधी जंतुदोष, कधी पाणथरीत (प्लीहेत) अचानक रक्त साठणं, आणि काही तासांत सगळं संपतं. कारण कागदावर ‘ताप’.

नायजेरियातले योरुबा लोक अशा पुन्हा पुन्हा येऊन जाणाऱ्या बाळाला ‘आबिकू’ म्हणतात, इग्बो ‘ओग्बांजे’. योरुबांत अशा घरात ‘मालोमो’ म्हणजे ‘पुन्हा जाऊ नको’ असं नाव ठेवतात. आपल्याकडे मुलं जगत नसली की दगडू, धोंडू, भिकू ठेवायचे, भावना तीच. उपाय मात्र साधे आहेत: जन्मतः टाचेच्या रक्ताची तपासणी, रोज पेनिसिलिन, न्यूमोकॉकसची लस, मलेरियापासून बचाव, आणि आईला पोटात डावीकडे पाणथरी चाचपायला शिकवणं. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या मुलांवरच्या अभ्यासात हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदना, मलेरिया आणि मृत्यू तिन्ही कमी झाले. विदर्भ आणि नंदुरबारमधल्या वाचकांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

कुपोषण हे कारण आहे की निमित्त?

दोन्ही. सुकटी झालेलं बाळ हाडं-कातडं दिसतं, त्यामुळे कुणाच्याही लक्षात येतं. फसवं असतं ते सुजेचं कुपोषण. गाल भरलेले, पाय टम्म, आणि आजी म्हणते बाळ सुधारलं. याचं ‘क्वाशिऑर्कर’ हे नाव घानातल्या गा भाषेतलं, सिसेली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३५ मध्ये वैद्यकात आणलं. अर्थ साधारण असा: नवं भावंड आल्यावर अंगावरून तोडलेल्या मुलाचा आजार. पायावर अंगठा काही सेकंद दाबून खड्डा राहतो का ते दोन्ही पायांवर बघायचं. सहा महिन्यांपुढे दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल तर अतितीव्र कुपोषण. अशा बाळाला जुलाब झाले तर कातडीच्या चिमटीवरून पाण्याची कमतरता ठरवू नये. कातडी एरवीही सैलच असते.

दवाखान्यात पोचल्यावरही का जातात?

युगांडा, केनिया आणि टांझानियात ताप येऊन हातपाय गार पडलेल्या मुलांना भराभर सलाईन दिलं तर फायदा होईल असं सगळ्यांना वाटत होतं. २०११ मध्ये आकडे आले: भराभर सलाईन दिलेल्यांत ४८ तासांत सुमारे १०.५ टक्के गेली, न दिलेल्यांत ७.३. (जुलाबांनी सुकलेली मुलं या अभ्यासात नव्हती, त्यांना पाणी लागतंच.) याशिवाय ऑक्सिजनचं यंत्र असतं पण वीज जाते, पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा मोठ्यांच्या बोटाचा असतो. आणि मृत्यूनंतर सुईने ऊतींचे नमुने घेऊन कारण शोधणाऱ्या ‘चॅम्प्स’ या प्रकल्पात असं दिसलं की बऱ्याच बाळांच्या मृत्यूला क्लेब्सिएला या जंतूचा हातभार होता, जो बऱ्याचदा दवाखान्यातच लागतो आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना सहसा जुमानत नाही. त्याच प्रकल्पात बऱ्याच बाळांमागे एकाहून जास्त कारणं सापडली.

नैरोबी, दार-ए-सलाम किंवा लागोसला तान्हं बाळ घेऊन राहायला जायचंय. काय बघावं?

सहा महिन्यांखाली पिवळ्या तापाची लस देत नाहीत, सर्वसाधारणपणे ती नवव्या महिन्यापासून. त्यामुळे जाण्याची तारीख ठरवण्याआधी बालरोगतज्ज्ञाशी बोला. नैरोबी उंचावर असल्याने शहरात मलेरिया कमी, पण मोम्बासाला सुट्टीला गेलात की हिशोब बदलतो. प्रतिबंधक गोळ्यांची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, मोठ्यांची गोळी अंदाजाने तोडू नका. डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम दोन महिन्यांखाली नाही, आणि हातांना तर नाहीच, ते तोंडात जातात. मच्छरदाणी गादीखाली खोचायची, नुसती लोंबकळत ठेवायची नाही. परत आल्यावर काही महिन्यांच्या आत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘आफ्रिकेतून आलोय’ हेच सांगा आणि त्याच दिवशी मलेरियासाठी रक्ताची काच (काचपट्टीवरची तपासणी) करून घ्या. पहिली काच स्वच्छ आली आणि ताप राहिला, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा.